आईने वाचलेली पुस्तके

मांबळम स्टेशनावर सकाळच्या लोकलमध्ये बसावयास जागा मिळाली, तर तो दिवस भाग्याचा समजावा. बहुधा ती मिळत नाही. एका हाताने वरची कडी धरावी, दुसऱ्याने पिशवी सावरावी आणि कोडंबाक्कम, नुंगम्बाक्कम, चेटपेट, एग्मोर, पार्क अशी स्टेशने मोजीत फोर्ट येण्याची वाट पाहावी, असा माझा चेन्नईतील सात वर्षांचा क्रम आहे. उभ्याने पुस्तक वाचता येत नाही. म्हणून मी पुस्तकांविषयीचे बोलणे ऐकावयास शिकले.

या बोलण्याला पॉडकास्ट म्हणतात. हा शब्द 2004 साली लंडनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्रातील एका लेखात प्रथम छापला गेला, आणि त्याला मराठी प्रतिशब्द द्यावा की न द्यावा यावर आमच्या कचेरीत दोन दुपारी खर्ची पडल्या आहेत. वस्तू मात्र साधी आहे. दोघे-तिघे एकत्र बसून बोलतात, ते ध्वनिमुद्रित होते आणि ज्याला हवे त्याने, हवे तेव्हा, आपल्या मोबाइलवर ऐकावे. आकाशवाणीवरील कार्यक्रम आपली वेळ पाळून निघून जाई. हे बोलणे आपल्यासाठी थांबून राहते.

कचेरीत मी दिवसभर जे भाषांतर करते, त्यात एका शब्दाचे दोन अर्थ होऊन चालत नाही. लसीकरणाचे वेळापत्रक, अल्पबचतीचे नियम, नाचणीतील पोषक द्रव्ये! हे काम मला आवडते. परंतु त्यानंतर कानाला काही निराळे हवेसे वाटते. आणि गंभीर साहित्याचे पॉडकास्ट ऐकता ऐकता मी कधी प्रेमकथांच्या आणि भयकथांच्या पॉडकास्टकडे वळले, ते माझे मलाच कळले नाही. अमेरिकेत सारा मॅक्लेन ही प्रेमकादंबऱ्यांची लेखिका आणि जेन प्रोकोप ही समीक्षक मिळून ‘फेटेड मेट्स’ नावाचा कार्यक्रम 2018 पासून करीत आल्या आहेत. इंग्लंडात नील मॅकरॉबर्ट हे ‘टॉकिंग स्केअर्ड’मध्ये भयकथालेखकांना बोलते करतात. आणखी एका कार्यक्रमाचे नावच ‘स्मार्ट पॉडकास्ट, ट्रॅशी बुक्स’ असे आहे. म्हणजे बोलणे शहाणपणाचे, पुस्तके केराच्या टोपलीतली! लोक जे नाव ठेवणार, ते आपणच आधी दारावर लिहून ठेवावे, असा त्यातला खट्याळपणा आहे. अशा कार्यक्रमांत सारेच ग्राह्य असते असे नाही. कित्येकदा हसणे फार आणि सांगणे थोडे असते, मध्येच गाद्यांच्या जाहिराती येतात, आणि पाहुण्या लेखकाच्या पुस्तकाला कोणी वाईट म्हणत नाही. पण एखादी कादंबरी मनापासून वाचलेली दोन माणसे जेव्हा ‘इथे मला भीती का वाटली’ या एकाच प्रश्नावर पाऊण तास घालवितात, तेव्हा ऐकणाऱ्याला त्या खोलीत आपलीही एक खुर्ची आहे असे वाटते.

गेल्या आषाढातील गोष्ट. स्टीफन किंग यांच्या 1975 मधील ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर असेच बोलणे चालले होते. ती कादंबरी मी वाचलेली नव्हती. तरीही बोलणारा एक वाक्य बोले आणि पुढचे वाक्य माझ्या मनात आधीच उमटे. लहानशा गावावर हळूहळू पडत जाणारी सावली, एकेक घर गिळत जाणारे संकट, आणि कालपर्यंत ओळखीच्या असलेल्या माणसांनी आज अनोळखी होणे! हे सारे मला कोणी सांगितले होते? आणि एकदम आठवले: आईने सांगितले होते. सोलापूरच्या घराच्या गच्चीवर. नारायण धारपांची ‘लुचाई’! किंग यांची ती कादंबरी धारपांनी मराठी मातीत आणून लावली होती, आणि आईने ती आम्हा भावंडांना अंधारात तोंडाने सांगितली होती. मी भानावर आले तेव्हा फोर्ट मागे पडले होते आणि गाडी बीच स्टेशनात उभी होती. त्या दिवशी कचेरीत पोहोचावयास उशीर झाला.

ते 2005 च्या सुमाराचे दिवस होते. भारनियमनामुळे संध्याकाळी वीज जाई. पंखा बंद पडला की सोलापूरच्या उन्हाळ्यात घरात बसवत नसे. आम्ही चटया घेऊन गच्चीवर जात असू. आई वाचनालयातून एका वेळी दोन पुस्तके आणी. एक योगिनी जोगळेकर किंवा शकुंतला गोगटे यांचे, आणि दुसरे धारपांचे, रत्नाकर मतकरींचे नाही तर सुहास शिरवळकरांचे. पहिले ती स्वतःपुरते ठेवी. दुसऱ्यातले आम्हांला सांगे. आवाज न चढवता, भाजी निवडल्यासारखे, एकेक गोष्ट बाजूला काढून ठेवीत सांगे. जिन्याच्या तोंडाशी कोणाचा पाय वाजला की धाकटा भाऊ माझ्या दंडाला नखे रुतवी. येणारे बहुधा अण्णाच असत.

“पुन्हा भुताटकी का?” अण्णा विचारीत. ते शाळेत गणित शिकवीत. माणूस कडू नव्हता. पण वाचन म्हणजे ज्ञानसंपादन, अशी त्यांची सरळ रेघ होती आणि आईची पुस्तके त्या रेघेच्या खाली पडत. त्यांच्या निधनानंतर माझ्या काकांनी सांगितले, की हेच अण्णा लहानपणी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा बीजगणिताच्या पुस्तकात लपवून वाचीत असत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांचे मराठी मुलांच्या बीजगणितावर किती ऋण आहे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. अण्णांनी तो गुन्हा आयुष्यभर कबूल केला नाही एवढे खरे.

पण मी अण्णांवर बोट ठेवून मोकळी होऊ शकत नाही. मराठी घेऊन बी.ए. करीत असताना मी ‘रंजनपर’ हा शब्द शिकले. तो शब्द वर्गात ज्या सुरात उच्चारला जाई, तो सूरही शिकले. एके दिवशी आमच्याकडे एक विद्वान पाहुणे आले होते. त्यांनी सहज, सौजन्याने, आईला विचारले, “आपण काय वाचता?” असा प्रश्न तिला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तिचा चेहरा उजळला. धारपांच्या समर्थाविषयी, सैतानी शक्तींशी झुंजणाऱ्या त्या पुरुषाविषयी, ती सांगू लागली, आणि मी मध्येच हसून म्हणाले, “तिचं काय, ती काहीही वाचते.”

आई हसली. “पोहे आणते आणखी,” म्हणून आत गेली. त्यानंतर तिने वाचन सोडले नाही. गोष्ट सांगणे मात्र सोडले. वीज तर त्यानंतरही पुष्कळदा गेली.

प्रेमकथा वाचणाऱ्यांची गत याहून बिकट. मराठी प्रेमकथेची चारचौघांत कसून चर्चा झाल्याचा जो ठळक प्रसंग मला माहीत आहे, तो वाङ्मयीन मंडळातला नव्हे, न्यायालयातला आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा 1962 मध्ये ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने 25 रुपये दंड ठोठावला, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने कथा स्वतः तपासून लेखकाला निर्दोष ठरविले. म्हणजे आपल्याकडे अशी कथा बारकाईने वाचून तिच्याविषयी सविस्तर बोलावयाचे, तर वाचणाऱ्याला न्यायाधीश व्हावे लागले. घरोघरच्या वाचकिणींनी काय ते मनात ठेवले. आई काकोडकर वाचीत होती की नाही हे मला ठाऊक नाही. वाचीत असल्यास ती पुस्तके कोठे ठेवीत होती, हे तर मुळीच नाही.

येथे चेन्नईत आमच्या मजल्यावर एक मामी राहतात. तमिळ घरांत वडीलधाऱ्या बाईला मामी म्हणतात, त्यामुळे मला ते नाते नव्याने शिकावे लागले नाही. सकाळी शेंगा निवडताना त्यांच्या मोबाइलवर कल्किंची ‘पोन्नियिन सेल्वन’ चालू असते. 1950 ते 1954 या काळात ‘कल्कि’ साप्ताहिकात ती क्रमशः आली. तेव्हा मामींच्या आई अंकाची वाट पाहत, आता मामी पुढच्या भागाची पाहतात. हे ऐकणे त्या मोठ्या आवाजात ऐकतात. पण त्यांच्याकडे रमणिचंद्रन यांच्या प्रेमकादंबऱ्या आणि कोइमतूरच्या राजेशकुमारांच्या रहस्यकथाही आहेत, हे कळावयास मला तीन वर्षे लागली. चहाच्या टपरीवर, स्टेशनावर दोरीला टांगून विकल्या जाणाऱ्या त्या पातळ कागदाच्या कादंबऱ्या मामींनी तांदळाच्या डब्यामागे रचून ठेवल्या होत्या. माझे तमिळ वाचन मुंगीच्या पावलाचे आहे. तेव्हा मी 2008 साली ब्लाफ्ट या इथल्याच प्रकाशनसंस्थेने काढलेला, प्रीतम चक्रवर्ती यांनी इंग्रजीत भाषांतरित केलेला तमिळ लोकप्रिय कथांचा जाडजूड संग्रह त्यांना दाखविला. त्यात रमणिचंद्रन आहेत, राजेशकुमार आहेत. मामींनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले. इंग्रजीत? एवढ्या चांगल्या कागदावर? मग त्यांनी मला तासभर बसवून घेतले आणि राजेशकुमारांचे खुनी त्या आधीच कसे ओळखतात हे समजावून सांगितले. त्यातले निम्मे मला कळले. त्यांच्या सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सासूबाई एवढे बोलतात हे त्यांनाही नवीन असावे.

त्या रात्री मी सोलापूरला फोन केला. आईला आता काचबिंदूमुळे छापील अक्षर दिसत नाही. दूरदर्शनच्या मालिकाही ती कडेकडेने ऐकते, पाहत नाही. जेवण, औषध, नातेवाईक असे सारे झाल्यावर मी विचारले,

“आई, तुला ‘लुचाई’ आठवते का गं?”

बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटले, फोन कटला.

“न आठवायला काय झालं?” ती म्हणाली. “तूच विसरली होतीस.”

मी तिला त्या इंग्रजी कार्यक्रमाविषयी सांगितले. दोन मोठी, शिकलेली माणसे त्या कथेवर तासभर बोलत होती, म्हटले. काय बोलत होती, असे तिने विचारले. क्रूस आणि तीर्थजल यांच्या आधाराने उभी असलेली ती भीती मराठी वाड्यात आणावयाची तर धारपांना किती गोष्टी बदलाव्या लागल्या असतील, हा माझ्या धंद्यातला प्रश्न होता. तो मी तिला सांगू लागले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “ते खरं असेल. पण मला विचारशील, तर समर्थाच्या गोष्टींत समर्थ आला ना, की माझी भीती संपायची. आता हा सगळं निस्तरणार, हे कळायचं. मला तो यायच्या आधीची पानं आवडायची. माणसाला काहीतरी बिनसलंय हे कळतं, पण कोणाला सांगता येत नाही, ती. जोगळेकर-गोगट्यांच्यातही मला लग्न ठरायच्या आधीचंच आवडायचं. ठरलं की मी मिटून ठेवायची.”

मी महाविद्यालयात पाच सत्रे टीकाशास्त्र शिकले आहे. एवढ्या थोड्या शब्दांत एवढे नेमके मी परीक्षेत एकदाही लिहिले नाही. आणि हे तिने कोणाला कधी का सांगितले नाही, असे विचारावयाला माझे तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत टपाल उघडताना एका वाचकाची हस्तलिखित भुताची गोष्ट निघाली. अशा गोष्टी वर्षाकाठी दहा-बारा येतात. आमचे मासिक कौटुंबिक, तेव्हा त्या न वाचताच ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी लावावयाची, हा माझाच रिवाज होता, तो मला कोणी घालून दिलेला नव्हता. ती गोष्ट मी वाचली. चांगली नव्हती. परतच केली, पण भूत तिसऱ्या पानावर न येता सातव्यावर आले असते तर बरे झाले असते, असे दोन ओळींत लिहून.

धारप 2008 मध्ये गेले. दहा वर्षांनी ‘तुंबाड’ चित्रपट आला तेव्हा त्यांचे नाव पुन्हा तरुणांच्या तोंडी झाले. आता मराठीत कथा वाचून दाखविणारे आवाज पुष्कळ आहेत, आणि आईला मोबाइलवर ते लावून देता येईल, असे भावाचे म्हणणे. लावून दिलेही. तिला ते भराभर वाटतात. “मध्ये थांबून विचारता येत नाही,” ही तिची तक्रार.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी संध्याकाळी मी चेन्नईतून फोनवर तिला वाचून दाखविते. पुण्याहून मागविलेली धारपांची जुनी प्रत आहे. पाने पिवळी, शिवण सुटलेली. ती मध्येच अडविते, पुढे काय होणार ते सांगते, बरोबर निघाले की नुसते “हं” करते. समर्थ आला, की आम्ही गती वाढवितो. परवा बाहेर समुद्रावरून पाऊस आला, आणि ऐन गोष्टीत आमच्या गल्लीतली वीज गेली. मोबाइलच्या उजेडात पुढची ओळ शोधीत मी म्हटले, “आई, इथे अंधार झालाय. वाचू का तशीच?”

“थांब,” आई म्हणाली. “आधी दार लाव.”