न पाहिलेलें घर

न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. घर घेणाऱ्या गृहस्थाचा भरवसा पूर्वीं यांपैकीं पहिल्यावरच असे. हल्लीं बंगळूर, लंडन किंवा अमेरिका येथें स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना कोंकणांत एखादें घर असावें अशी ओढ वाटते. परंतु रजा मिळत नाहीं. मग मोबाइलवर आलेलीं छायाचित्रें, पांच-सात मिनिटांचा व्हिडिओ आणि विकणाऱ्याचा शब्द, एवढ्यावर व्यवहार ठरूं लागले आहेत. अशाच एका घराकरितां गेल्या आषाढांत मला दापोली तालुक्यांत जाण्याचा योग आला. घर घेऊं इच्छिणारा माझा जुना विद्यार्थी. तो परदेशीं असल्यामुळें, "गुरुजी, पैसे पाठविण्यापूर्वीं तुम्ही एकदां पाहून या," असें त्यानें कळविलें होतें. तेथें जें दिसलें तें अशा विचारांत असलेल्या कुटुंबांच्या उपयोगीं पडेल, म्हणून लिहितों.

कोंकण रेल्वेच्या खेड स्टेशनावर उतरून पश्चिमेस निघालें कीं तासाभरांत दापोली येते. तेथून रस्ता समुद्राकडे उतरूं लागतो आणि कर्दें, मुरूड, हर्णै, आंजर्लें, केळशी अशीं गांवें किनाऱ्यानें लागतात. हर्णैपुढें समुद्रांत सुवर्णदुर्ग उभा आहे. मुरुडास महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण गेलें. विद्येसाठीं आणि पोटासाठीं येथील माणसें पिढ्यान् पिढ्या बाहेर जात आलीं, म्हणूनच या गांवांतून बंद घरें इतकीं दिसतात. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागांत बंद घर फार दिवस टिकत नाहीं. माकडांच्या उड्यांनीं कौल सरकतें, पाणी वाशांत मुरतें, आणि मागोमाग वाळवी येते. त्यांतच 3 जून 2020 रोजीं आलेल्या निसर्ग चक्रीवादळानें या किनाऱ्यावरील नारळी-पोफळी आडव्या केल्या व घरांचीं छपरें उडविलीं. तेव्हां येथील घराचें छायाचित्र हातीं आलें, तर तें कोणत्या सालचें व कोणत्या ऋतूंतलें, हें प्रथम विचारलें पाहिजे.

मला दाखविलेला व्हिडिओ मार्गशीर्षांतला होता. कोंवळें ऊन, नुकतेंच सारवलेलें अंगण, मागें पोफळीची बाग. घर खरोखरच सुंदर होतें, आणि व्हिडिओंत खोटें असें कांहींच नव्हतें. परंतु रस्त्यापासून अंगणापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी होती. तिच्या पायऱ्या मीं मोजल्या, त्या चौसष्ट भरल्या, आणि शेवाळानें साऱ्या निसरड्या झाल्या होत्या. ज्या आईला हा विद्यार्थी येथें आणून ठेवणार, तिचे गुडघे दुखतात हें मला ठाऊक होतें. विहीर तुडुंब भरलेली होती. पण शेजाऱ्याला विचारतां, वैशाखांत पाणी मचूळ होतें आणि पिण्याचें पाणी बाहेरून आणावें लागतें, असें त्यानें सांगितलें. माजघराची एक भिंत पाझरत होती. पैसा खर्चला तर यांतल्या बऱ्याच उणिवा दूर होतील, असा विचार करीत मी मागच्या पडवींत गेलों.

तेथें चुलीपाशीं एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या विकणाऱ्याच्या चुलती. वय ऐंशीच्या पुढें. पंचवीस वर्षांपूर्वीं यजमान वारले, तेव्हांपासून त्या एकट्याच या घरांत राहतात. दिवाबत्ती, तुळशीचें पाणी, बागेची राखण, सारें त्यांच्याकडे. मीं म्हटलें, "काकू, व्हिडिओंत तुम्ही कोठें दिसलां नाहींत." त्या हंसून म्हणाल्या, "चित्र काढायला आले, तेव्हां मला सांगितलें, काकू, घटकाभर पलीकडच्या घरीं जाऊन बसा. मी बसलें. घर विकायचें आहे, हें मला त्या पलीकडच्या माणसांकडून कळलें."

येतांना दापोलीस एका वकिलांना कागद दाखविले. सात-बाराच्या उताऱ्यावर अकरा नांवें होतीं. विकणाऱ्याचें चौथें, काकूंचें नववें. हा उतारा आतां घरबसल्या संगणकावर मिळतो, पण त्यांतलें नववें नांव पडवींत चूल पेटवून राहतें, हें उताऱ्यावरून कळत नाहीं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें तिसरें कलम असें मानतें कीं, मिळकत ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यांत आहे, त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला आहेच. म्हणजे जो पाहावयास गेला नाहीं, त्यानेंही पाहिलें असेंच कायदा समजतो. त्याच कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाप्रमाणें, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील एका हिस्सेदाराचा भाग परक्यानें विकत घेतला, तरी इतरांबरोबर त्या घरांत राहण्याचा हक्क त्याला मिळत नाहीं. त्यानें वाटणीचा दावा लावला, तर 1893 च्या वाटणी-कायद्यान्वयें कुटुंबांतील भागीदार न्यायालयानें ठरविलेल्या किमतीस तो भाग परत घेऊं शकतात. शिवाय घराबरोबर शेतजमीन असली, तर 1948 च्या कूळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून ती घेतां येत नाहीं. आणि समुद्राजवळच्या बांधकामांवर 1991 पासून किनारा-नियमनाचे निर्बंध आहेत. कायद्याची भाषा रूक्ष खरी. पण राहतें घर हें चार भिंतींहून कांहीं अधिक आहे, ही जाण त्या जुन्या कलमांत आहे, आणि आपण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसांनीं तरी ती विसरूं नये.

विद्यार्थ्याला मीं सविस्तर पत्र लिहिलें. तो दिवाळींत स्वतः आला, आईसह पाखाडी चढला, आणि दोन दिवस काकूंच्या हातचें जेवला. आतां त्याच्या दोन अटी आहेत : अकराही जणांच्या सह्या हव्यात, आणि काकूंचा तहहयात राहण्याचा हक्क खरेदीखतांत लिहिला पाहिजे. सात जणांनीं संमति कळविली आहे, तिघांचें उत्तर नाहीं, आणि काकूंनीं "विचार करून सांगतें" असें म्हटलें आहे. व्यवहार थांबला आहे; तो कधीं पुरा होईल, कीं होणारच नाहीं, हें आज सांगतां येत नाहीं.

ज्यांना स्वतः जाणें शक्य आहे, त्यांनीं घर एकदां भर पावसांत व एकदां वैशाखांत पाहावें. जें शक्य नसेल, तर घरांतलें एखादें जाणतें माणूस पाठवावें. वैशाखांत विहिरीला पाणी कसें असतें, वाट कोणाच्या जमिनींतून जाते, आणि घरांत सध्यां कोण राहतें, हे तीन प्रश्न शेजाऱ्याला विचारल्यावांचून त्यानें परत येऊं नये.