गढ्याचा मदनमहाल

जबलपूरला आलेला प्रवासी भेडाघाटचा धुवांधार पाहून परततो. गढ्याकडे फारसे कुणी वळत नाही. वास्तविक गोंड राजांची जुनी राजधानी ती हीच. टेकडीवरच्या एका अजस्र ग्रॅनाइट खडकाच्या पाठीवर मदनमहाल बसला आहे. महाल म्हणायचा एवढेच, आहे ती टेहळणीची चौकी. लहानशा खोल्या, आणि वरून दिसणारा चौफेर मुलूख!

इथल्या भुयारांच्या कथा ऐकल्या की आजच्या मुलांना निन्जा आठवतो. काळ्या बुरख्यातल्या या जपानी गड्याला अमेरिकन सिनेमाने आणि व्हिडिओ गेमने कुठल्याही देशाचा करून टाकले. आपल्याकडे मात्र ती जागा रिकामी नव्हती. देवकीनंदन खत्रींच्या १८८८ च्या ‘चंद्रकांता’तले ऐयार वेष पालटत, कमंद टाकून भिंती चढत. १९९४ मध्ये ते दूरदर्शनवरून मराठी घरांतही शिरले.

गढ्याची खरी कथा मात्र न घातलेल्या छाप्याची आहे. जून १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. नर्रईच्या खिंडीत राणी दुर्गावतीने मोगलांना मागे रेटले आणि रात्रीच छापा घालावा, असे सुचवले. सरदारांनी ऐकले नाही. सकाळी आसफखानाच्या तोफा येऊन पोहोचल्या. हत्तीवरून लढणाऱ्या राणीला दोन बाण लागले. शत्रूच्या हाती पडण्याऐवजी तिने स्वतःच कट्यार खुपसून घेतली.

तिची समाधी मंडला रस्त्यावर बरेल्याजवळ आहे. मदनमहाल पाहणाऱ्याने तिथवर जरूर जावे.