पौर्णिमेची भरती सव्वाअकराला

जानेवारीत शनिवारची सकाळची शाळा साडेसातला भरवणं हा पोरांवर अन्याय आहे, असं मी शिक्षिका असताना म्हणायचे आणि आता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बोलावतात तेव्हाही म्हणते. मालवणात जानेवारीअखेरीस सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. देवबागेतून एसटीने येणाऱ्या मुलांना आया उठवतात तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असायचा आणि त्यांना ओरडायला माझी जीभ रेटायची नाही.

कारण घड्याळातच आहे. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर ठरलेली, आणि मालवण त्याच्या नऊ अंश पश्चिमेला. घड्याळात बारा वाजले तरी आमचा सूर्य माथ्यावर यायला सरासरी छत्तीस मिनिटं बाकी असतात. म्हणजे इंग्लंड-अमेरिकेत उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करतात, तसं आम्ही बाराही महिने अर्ध्या तासाहून थोडं अधिक पुढे केलेल्या घड्याळावरच जगतो. १९०६ साली ही वेळ लागू झाली तेव्हा मुंबईने तिला जोराचा विरोध केला होता. मुंबईची स्वतःची वेळ एकोणचाळीस मिनिटं मागे होती, आणि ती तिथे पुढे कित्येक दशकं टिकून राहिली. त्या माणसांचा हट्ट मला कधीच वेडेपणाचा वाटला नाही.

लंडनला लेकीकडे होते तेव्हा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. रात्री दोनचा पुन्हा एक झाला. मोबाइल आपोआप बदलले, जावईबापूंनी भिंतीवरचं घड्याळ आणि ओव्हनचं घड्याळ मागे केलं. नातू रोज सहाला उठायचा. तो त्याच्या वेळेलाच उठला आणि घड्याळात पाच वाजले होते. लेक काळोखात दूध गरम करत उभी होती. सोमवारी पावणेपाचच्या आतच सूर्य मावळला, आणि पाळणाघरातून त्याला आणायला आम्ही रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात गेलो. पुढचा आठवडाभर त्याच्या जेवणाझोपेचं गणित बिघडलेलं होतं.

"आई, आपल्याकडे का नाही गं असं करत?" लेकीने विचारलं. तिच्या देशापुरतं मला ते पटलं होतं, हे आधी सांगते. तिथे जूनमध्ये पावणेपाचला उजाडतं. घड्याळ पुढे केलं नसतं तर पावणेचारलाच उजाडलं असतं आणि तो उजेड झोपेत वाया गेला असता. विल्यम विलेट नावाच्या एका इमारती बांधणाऱ्या गृहस्थाने १९०७ साली हेच छापून मांडलं होतं. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, इंधन वाचवायला आधी जर्मनीने आणि मग ब्रिटनने ते अमलात आणलं. लंडनचा सर्वांत मोठा दिवस सर्वांत लहान दिवसापेक्षा साडेआठ तासांहून अधिक मोठा. आमच्याकडे हा फरक दोन तासांचाही नाही. भर उन्हाळ्यातही मालवणात सहाच्या आधी सूर्य वर येत नाही. वाचवण्यासारखा उजेडच पहाटे पडलेला नाही, तर वाचवायचं काय? आणि युरोपातही हे सगळ्यांना हवंय असं नाही. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने ही उलटसुलट बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. अंमल मात्र अडकून पडला.

आपल्याकडे हा प्रयोग झालेलाच नाही असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशाचं घड्याळ तासभर पुढे होतं. माझी आजी त्याला ‘लढाईचो टायम’ म्हणायची. पोस्ट आणि कचेरी नव्या वेळेवर, घर आणि देऊळ जुन्या, असं ती सांगायची. हिशेब करून पाहिला तर त्या जानेवारीत मालवणला सूर्य घड्याळात आठ वाजून गेल्यावर उगवत असणार आणि भर दुपार पावणेदोनच्या पुढे होत असणार.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक घड्याळ आहे, आणि ते तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, पौर्णिमेला नि अमावास्येला सव्वाअकरा. त्याच्या सहा तास पुढेमागे सुकती. म्हणून उधाणाच्या दिवसांत सगळ्यात खाली गेलेलं पाणी संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास सापडतं. हातात कोयती आणि टोपली घेऊन बायका खडपांवर कालवं काढायला उतरतात. शाळा सुटल्यावर पोरी दप्तर घरी टाकून त्यांच्यामागे धावायच्या. पाणी परत चढायच्या आत आणि काळोख पडायच्या आत टोपली भरायची असते.

लंडनहून आल्यावर दांडीच्या किनाऱ्यावर माझा एक जुना विद्यार्थी जाळं विणत बसला होता, त्याला मी घड्याळ बदलण्याचं सांगितलं. त्याने सुईवरचा हात थांबवून विचार केला. "बाई, मगे तिथीचो हिशेब वर्षातसून दोनदा बदलूचो लागतलो." त्याची अडचण खरी होती. पाऊणपटीचा हा हिशेब एका स्थिर घड्याळाशी जुळवलेला आहे. घड्याळ तासभर सरकवलं तर बोट खाडीत घेताना तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाची तासाभराची चूक होईल, आणि कर्ली नदीच्या मुखाशी तास फार मोठा असतो.

दुसरी बाजूही मी टाळत नाही. घड्याळ पुढे असतं तर शाळा लवकर सुटून त्या पोरींना खडपावर अधिक उजेड मिळाला असता. बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या अभ्यासकांनी घड्याळ कायमचं अर्धा तास पुढे नेण्याचा प्रस्ताव मांडला होता. संध्याकाळी दिवे उशिरा लागून वर्षाला दोन अब्जांहून अधिक युनिट वीज वाचेल असा त्यांचा हिशेब. आसामात तर सूर्य फार लवकर उगवतो, आणि तिथल्या चहामळ्यांनी तासभर पुढची ‘बागान वेळ’ कधीची चालू ठेवली आहे. त्यांची गरज मला समजते. पण त्या अर्ध्या तासाने जानेवारीत आमच्याकडे सूर्योदय सात चाळीसला जाईल, आणि साडेसातच्या घंटेला देवबागेची मुलं सूर्य उगवण्याआधीच वर्गात बसलेली असतील.

मळेवाल्यांनी कामाची वेळ बदलली, देशाचं घड्याळ नाही, आणि मला तोच मार्ग धरायचाय. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, तेही मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. मोठ्या वर्गांसाठी आम्ही समितीत ठराव मांडला: डिसेंबर ते फेब्रुवारी शनिवारची शाळा साडेआठला. पालकांनी हात वर केले. मुख्याध्यापकांनी एकच शंका काढली, की देवबागची गाडी तेवढी उशिरा सुटेल का. त्यासाठीचा अर्ज मी लिहिलाय, आणि त्याला महिनावार सूर्योदयाच्या वेळांचा तक्ता जोडलाय.