आठ तारा आणि एक वायर

मेंडोलिन हे मुळात लहान बैठकीचे वाद्य. तारांच्या ४ जोड्या, म्हणजे एकूण ८ तारा; मेळ व्हायोलिनचाच, पण गजाची सोय नाही. छेडलेला स्वर क्षणात विझतो. तो टिकवायचा तर पिकने तीच जोडी भरभर छेडत राहावी लागते. चित्रपटगीतांतून आपल्या ओळखीचा झालेला तो थरथरता सूर म्हणजे विझण्याविरुद्ध चाललेली धडपडच होय.

२००९ सालच्या गणेशोत्सवात भावगीतांच्या एका कार्यक्रमात आम्ही हे वाद्य मायक्रोफोनसमोर धरून बसलो होतो. शेजारी तबला-ढोलक, मागे की-बोर्ड. आमचा आवाज वाढवला की स्पीकर शिट्टी मारत. शिट्टी थांबावी म्हणून साउंडवाल्याने आमचा आवाजच उतरवून टाकला. आम्ही दोन तास वाजवत होतो. कार्यक्रमानंतर पहिल्या रांगेतल्या वडिलांनी निरागसपणे विचारले, "तू नुसताच बसला होतास का रे?"

त्या प्रश्नातून आमची आजची सामग्री जमत गेली. घोडीखाली पिएझो पिकअप आहे. तो हवेतला आवाज न टिपता लाकडाचे कंपन टिपतो. त्यामुळे शेजारचा तबला त्यात फारसा शिरत नाही. मात्र हा पिकअप सरळ मिक्सरला जोडला तर खर्ज गळून आवाज पत्र्यासारखा होतो. म्हणून मध्ये सुमारे १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप, आणि लांब वायरीत गुणगुण शिरू नये म्हणून पुढे डीआय बॉक्स. आमची सर्वांत खालची मोकळी तार १९६ हर्ट्झची. तेव्हा १५० च्या खालचे बहुतेक सारे आम्ही कापतो. मंचाचा धपधपाट तिथेच राहतो. शिट्टी मारणारा नेमका स्वर शोधून तेवढाच दाबतो. खिशात ९ व्होल्टचा जादा सेल असतोच.

एवढे करूनही जे ऐकू जाते ते घोडीचे बोलणे. पेटीतून हवेत उतरलेला आवाज नव्हे. शब्द सगळे आले, श्वास राहिला, असे काही अनुवादांचे होते, तसेच हे. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. जोडतारा सोडून ५ एकेरी तारांचे विद्युत मेंडोलिन त्यांनी हाती घेतले आणि कर्नाटक संगीतातील गमक त्यावर आणले. वायर त्यांच्या वाद्याचाच भाग झाली. आम्ही मात्र अजून ती लपवू पाहतो.

वडिलांना पुढे कार्यक्रमाला येणे जमले नाही. घरी खाटेवर पडून ते ऐकत, वायरीवाचून. आता ते नाहीत. मंचावर प्रीअँपच्या कळा फिरवताना आम्ही अजूनही त्या खोलीतला आवाज शोधत असतो. जवळपास पोहोचतो, तिथे मात्र नाही.