झोप कशी लागते?

मानसोपचारतज्ज्ञाकडची पहिली वेळ ठरली की माणूस भाषण पाठ करायला लागतो. सुरुवात लहानपणापासून करायची की मागच्या दिवाळीपासून? वडिलांचं काढायचं की नको? चिकलठाणा एमआयडीसीतून कंपनीच्या बसने घरी येताना मीही हेच घोळवत होतो. मुकुंदवाडीपर्यंत एक सुरुवात सुचायची, पुढच्या सिग्नलला ती खोटी वाटायची.

तिथे सुरुवातीला जे विचारतात ते मात्र फार साधं असतं. झोप कशी आहे, भूक लागते का, कामात लक्ष राहतं का. नैराश्याचा अंदाज घ्यायला जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावलीसुद्धा फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. नऊ प्रश्न, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर मनात ‘हो’ येत असेल तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नसते. घरच्यांना उठवायचं, सरळ दवाखाना गाठायचा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून याचसाठी आहे, रात्री तीनलाही.

माझं गाडं पहिल्याच प्रश्नावर अडलं. झोप कशी लागते? कोणती झोप? पहिल्या पाळीला पहाटे उठायचं, नाईट असली की दिवसा पत्र्याखाली पडायचं. त्यात आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली टाक्या भरायला जागी असते. मी जागा राहतो तो पाळीमुळे, नळामुळे, की मनामुळे? हे मलाच वेगळं करता येत नव्हतं, तर डॉक्टरांना कुठून येणार?

मग वही केली. पाळी कोणती, कधी पडलो, कधी उठलो, कशाने उठलो. लिहीत गेल्यावर दिसलं की सुट्टीच्या दिवशी, पाण्याची पाळी नसताना, घर शांत असतानाही मी टक्क जागा असतो. कारण काही सापडलं नाही, पण निदान विचारण्याजोगं काहीतरी हाताशी आलं. ‘साहेब, मन लागत नाही’ एवढं बोलून गप्प बसण्यापेक्षा ते बरं.

वहीसोबत पिशवीत गेलं ते हे: बीपीच्या गोळ्यांची पट्टी, जुने रक्ताचे रिपोर्ट (थायरॉइड बिघडलं तरी माणूस उदास होतो, छाती धडधडते), आणि तंबाखूचा खरा हिशोब. हा शेवटचा लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सोबत कोणाला न्यायचं, हा आपल्याकडे मोठाच प्रश्न. आपण दवाखान्यात एकटे जात नाही. केस पेपर काढायला एक जण, आत दोघे, आणि बाहेर बाकड्यावर मामा. रुग्णाआधी भाऊच बोलायला लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण बाकड्यावरच्या मामाला कायदा कोण सांगणार? बायकोने त्यातून वाट काढली. “मी येते. पण आधी तुम्ही एकटे बोला, बोलावलं की मी आत येईन.” आत येऊन तू काय सांगणार, असं मी विचारलं. म्हणाली, “भाजीत मीठ कमी आहे म्हणायचं तुम्ही कधीपासून सोडलं, ते.”

हे माझ्या वहीत नव्हतं. येणारही नव्हतं.

आता शेवटच्या पानावर मी विचारायचे प्रश्न लिहिलेत. गोळ्याच लागतील की नुसतं बोलून भागेल? किती महिने? बरं वाटलं म्हणून मधेच बंद केल्या तर? गुंगी आली तर प्रेस मशीनवर उभं राहायचं की सुपरवायझरला सांगून काम बदलून घ्यायचं? आणि रात्रीची गोळी म्हणजे नाईटच्या आठवड्यात नेमकी कधीची?