शेवंतीची रात्र मी मोडली

विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली, तेव्हा मी तिथे खांब रोवून मोठा एलईडी फ्लडलाइट बसवला. रात्रभर चालू. शेजारीच शेवंतीचा प्लॉट. दिव्याचा आणि फुलांचा काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

दिवाळी तोंडावर आली तरी खांबाकडच्या सऱ्यांत कळी दिसेना. झाडं मात्र हिरवीगार, नुसती पाल्यावर गेलेली. जमिनीचा कस कमी पडला असं समजून मी वरून युरिया दिला, म्हणजे पाला आणखी वाढवला. मग नर्सरीवाल्याला चार लोकांसमोर सुनावलं, की तू भेसळ रोपं दिलीस. तो एवढंच म्हणाला, "दादा, याच रोपांना पलीकडे कळ्या आल्यात, त्या बघा की." मी बघितल्या नाहीत. युरियापेक्षा ही चूक मोठी, कारण उत्तर तिथेच होतं. खांबापासून लांब जावं तशा कळ्या वाढत होत्या. मोटारीच्या खोलीआड, जिथे उजेड पोचत नव्हता, तिथली झाडं खांबाला इतकी जवळ असूनही कळ्यांनी लगडली होती.

कृषी सहायकांनी रात्रीच्या दिव्याबद्दल विचारलं आणि मग मी वाचायला बसलो. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० सालीच दाखवून दिलं होतं, की 'मेरिलँड मॅमथ' हा तंबाखूचा वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. शेवंतीही त्याच जातकुळीची. १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वराच्या झाडावर प्रयोग करून त्यापुढची गोष्ट सांगितली: झाड खरं तर अखंड अंधार मोजतं. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला, तरी मोठी रात्र मोडते. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबड्या उजेडात रूप बदलतं आणि अंधारात हळूहळू मूळपदावर येतं. पांढऱ्या दिव्यातही तांबडा उजेड असतोच. मोजणी पानात होते, फुलायचा निरोप शेंड्याला जातो. आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा फरक. तेवढ्यावर हे झाड आपला हंगाम ठरवतं. मला त्याचं फार अप्रूप वाटतं. पॉलिहाउसवाले फूल लांबवायला रात्री मुद्दाम दिवे लावतात. मी तेच नकळत केलं होतं.

दिव्याला वरून पत्रा लावून त्याचं तोंड विहिरीकडे फिरवलं. काही आठवड्यांनी कळ्या धरल्या. फुलं मार्गशीर्षातल्या गुरुवारांना विकली गेली, दिवाळीचा भाव मात्र हातचा गेला. नर्सरीवाल्याची माफी मी त्याच लोकांसमोर मागितली.

सोयाबीनही लहान दिवसांचंच पीक आहे. रस्त्याच्या दिव्याखालची झाडं हिरवी राहतात आणि उशिरा पिकतात. म्हणून सांगतो, शेतात दिवा लावलात तर रात्री एकदा पिकात उभे राहा. उजेड पानांवर पडत असेल, तर आधी दिव्याचं तोंड फिरवा. बियाण्याला आणि रोपवाल्याला नंतर बोला.