नानीच्या ओवीचा तक्ता

गाण्याच्या खेळात पडद्यावर शब्द सरकतात आणि त्यांच्यासोबत आडव्या पट्ट्या दिसतात. पट्टी वर असेल तर सूर चढा, खाली असेल तर उतरता. पट्टी जितकी लांब, तितका वेळ सूर धरायचा. माइकमधला आवाज पट्टीवर बसला की गुण मिळतात. सोनीने २००४ मध्ये ‘सिंगस्टार’ आणला, २००७ मध्ये ‘रॉक बँड’ आला. ‘अल्ट्रास्टार’ हा तसाच, पण फुकट मिळणारा खेळ. त्यातल्या पट्ट्या कुणीतरी बसून हाताने बसवलेल्या असतात. गेल्या वर्षी मी ते काम शिकले आणि त्यासाठी गाणं निवडलं माझ्या नानीच्या ओव्यांचं.

नानीचं आयुष्य पैठण तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घरात दखनी, शिवारात मराठी आणि जात्यावर फक्त मराठी. २०१६ मध्ये मामेबहिणीच्या लग्नाची हळद दळताना मामूंनी फोनवर तिचा आवाज घेतला. साडेतीन मिनिटांचा. आता नानी नाही आणि आमच्या घरात तिच्या गळ्याची दुसरी खूण नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. इतक्या मोठ्या साठ्यापुढे आमची साडेतीन मिनिटं म्हणजे मूठभर पीठ. पण घरचं पीठ.

अल्ट्रास्टारची फाइल साध्या मजकुराची असते. एका ओळीत एक उच्चार : आधी खूण, मग सूर कधी सुरू होतो, किती टिकतो, किती उंच आहे आणि शेवटी अक्षर. हे सगळं ठोक्यांत मोजायचं असतं. इथेच पहिली अडचण आली. सिनेमातल्या गाण्याला ठेका असतो, नानीला ठेका देणारं होतं जातं. हळकुंडाचा वैरा टाकला की जातं जड होतं, ओवी संथ होते. दळण बारीक झालं की दोन्ही पळतात. एकच वेग धरला तर दुसऱ्या ओवीतच पट्ट्या मागे पडतात. उपाय सोपा निघाला. फाइलमध्ये वेग ३०० लिहायचा. खेळ त्याचे आणखी चार भाग करतो, म्हणजे मिनिटाला १२०० घरं, प्रत्येक घर सेकंदाच्या विसाव्या भागाचं. इतक्या बारीक चाळणीतून जात्याचा प्रत्येक फेरा जसाच्या तसा उतरतो.

मग अक्षरं तोडायची. ‘माहेर’ लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच उच्चार, मा-हेर. नानी मात्र शेवटचा ‘र’ पूर्ण उघडून लांबवते, म्हणून तिथे तीन पट्ट्या. इथे मला अब्बांकडून शिकलेली तक्ती उपयोगी पडली. सिराज औरंगाबादीच्या या शहरात शेर ऐकणारे पुष्कळ, त्याची तक्ती करणारे थोडे. तक्ती म्हणजे शेराचे वजनाप्रमाणे तुकडे पाडणं, आणि तिचा पहिला नियम असा की मोजायचं ते कानाला ऐकू येतं ते, कागदावर दिसतं ते नव्हे. नून-गुन्ना लिहिला जातो, मोजला जात नाही. ओवीलाही तोच नियम लागला. ओळ कमी पडली की नानी ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ घालून जात्याचा फेरा भरून काढते. वहीत ओवी उतरवणारा हे शब्द गाळू शकतो. तक्ता करणाऱ्याला गाळता येत नाहीत, कारण तिथे सूर आहे.

सुरांचं तितकं जमलं नाही. खेळाला सप्तकातले बाराच सूर कळतात. दोन सुरांमधून घसरत जाणारा आवाज पायऱ्या करून लिहावा लागतो आणि पुढच्या पायरीवर अक्षराऐवजी ‘~’ ही खूण येते. नानीची ओवी ओळीच्या शेवटी अशीच खाली घसरते. तयार तक्त्यावर मी तिचाच आवाज सर्वांत अवघड पातळीवर लावून पाहिला. या खेळात पूर्ण गुण १०,००० असतात. ते नानीला मिळाले नाहीत.

एक जागा मात्र मला फार आवडते. ओवीच्या मधोमध नानी थांबून मामीला दखनीत सांगते की मूठभर हळकुंडं टाक, आणि त्याच दमात पुढची मराठी ओळ उचलते. फाइलमध्ये ‘एफ’ ही खूण असते; ती लावलेल्या शब्दांना गुण नसतात, पण ते पडद्यावर दिसतात. दखनी वाक्य मी तिथे ठेवलं.

तक्ता तयार झाल्यावर अकरा वर्षांचा भाचा माइक घेऊन बसला. खेळ शब्द तपासत नाही, फक्त सूर पाहतो. त्यामुळे पहिल्यांदा तो नुसता गुणगुणला आणि गुण मिळवले. दुसऱ्यांदा शब्द वाचू लागला आणि थांबला. “खाला, नानी हिंदू लोकांचं गाणं का गायची?”

तो इंग्रजी शाळेत जातो, घरी दखनी बोलतो. मराठी त्याच्यासाठी एक विषय आहे, शंभर गुणांचा. मी म्हटलं, “बेटा, ओवी दळणाऱ्या बाईची असते. तुझी नानी रोज दळायची.” मग त्याला ‘एफ’ची जागा ऐकवली. ते वाक्य त्याला लगेच कळलं, कारण त्याची अम्मी तसंच बोलते. त्या वाक्याच्या पुढची-मागची मराठीही त्याच गळ्यातून आली आहे, हे त्याला मला वेगळं समजवावं लागलं नाही. त्याने ओवी पहिल्यापासून लावली.

ज्यांच्या फोनमध्ये असा एखादा आवाज पडून असेल त्यांना एवढंच सांगते : पट्ट्या बसवणं कधीही शिकता येतं, महिनाभर पुरतो. आधी शब्द उतरवून घ्या. नानीच्या ओव्यांतले तीन शब्द मला शंभरदा ऐकूनही लागले नव्हते. अम्मीने एकदाच ऐकले आणि सांगितले. अम्मी आता अडुसष्ट वर्षांची आहे.